२३ टक्के चरबी आणि ६०० किलोमीटरची तयारी

प्रश्न : साताऱ्यातील २८ वर्षांच्या एका नोकरदार वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्या पहाटे यवतेश्वरच्या घाटात सायकलचा सराव करतात आणि रविवारी ग्रुपबरोबर वाई-पाचगणी किंवा कासकडे जातात. २०० आणि ३०० किलोमीटरच्या बीआरएम (ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या) त्यांनी वेळेत पूर्ण केल्या असून याच मोसमात ४०० आणि ६०० करून मालिका पुरी करण्याची त्यांची इच्छा आहे. उंची १५८ सेंटिमीटर, वजन ६१ किलो असताना जिममधील मशीनने चरबी २६ टक्के दाखवली, तेव्हा ग्रुपमधील एका अनुभवी दादांनी ती १८ वर आणण्यास सांगितले. दर सोमवारी हा आकडा ग्रुपवर टाकायचा, असाही नियम झाला. रात्रीची भाकरी बंद करून, त्याऐवजी काकडी आणि वाटीभर वरण खाऊन आणि सकाळी उपाशीपोटी सायकल चालवून त्यांनी चार महिन्यांत वजन ५७ किलोवर आणि चरबी २३ टक्क्यांवर आणली. आरंभी वेग वाढला, पण आता घाटात पाय जड पडतात, मध्यरात्री झोप मोडते आणि दोन महिने पाळी आलेली नाही. ऑनलाइन मागवलेल्या जनुकीय चाचणीत 'वजन वाढण्याची प्रवृत्ती अधिक' असा शेरा मिळाला. आई, मावशी, आजी या साऱ्यांचीच ठेवण कंबरेखाली रुंद आहे. त्या विचारतात : चरबी रक्तातच असेल तर माझ्या कष्टांना काही अर्थ आहे का? आहार आणखी कमी करू, की ६०० चा विचार सोडून देऊ?

उत्तर : तुम्ही पाळीचा उल्लेख पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता केला आहे. मी मात्र तिथूनच सुरुवात करते, कारण तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची माहिती तीच आहे आणि बाकी सगळे आकडे तिच्यानंतर येतात. 'सराव जोरात असला की पाळी थांबायचीच' असे सायकल चालवणाऱ्या आणि पळणाऱ्या अनेक मुली एकमेकींना सांगतात, आणि त्यात थोडा अभिमानही असतो. पाळी थांबणे हे सराव चांगला झाल्याचे लक्षण कधीच नसते. गर्भधारणा, थायरॉइडचा विकार, प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढणे, पीसीओएस (बीजकोशांशी निगडित संप्रेरकांचा विकार) अशी कारणे असू शकतात, आणि ती तपासून बाजूला सारल्यावर तुमच्यासारख्या खेळाडूच्या बाबतीत उरणारे सर्वांत संभाव्य कारण म्हणजे शरीराला मिळणारी अपुरी ऊर्जा. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला खेळातील सापेक्ष ऊर्जान्यूनता असे नाव दिले आणि २०२३ मध्ये त्याविषयीचे मार्गदर्शन अद्ययावत केले. खेळाडूंमध्ये ती 'रेड-एस' या नावाने ओळखली जाते. पाय जड पडणे, झोप मोडणे आणि आरंभीचा वेग टिकून न राहणे या तुमच्या तिन्ही तक्रारी या चित्रात नेमक्या बसतात.

हे तुमच्याच आकड्यांवरून पाहू. ५७ किलो वजन आणि २३ टक्के चरबी धरली, तर चरबी वगळता तुमच्या शरीराचे वजन सुमारे ४४ किलो आहे. दिवसभरात खाल्लेल्या कॅलरींतून व्यायामात खर्च झालेल्या वजा केल्या आणि उरलेल्यांना या ४४ ने भागले, की शरीराला हृदय, हाडे, संप्रेरके आणि झीज भरून काढणे या कामांसाठी किती ऊर्जा शिल्लक राहिली ते कळते. हा आकडा ४५ च्या आसपास असणे पुरेसे मानले जाते. तो ३० च्या खाली गेल्यावर तरुण स्त्रियांमध्ये पाळीचे नियंत्रण करणाऱ्या संप्रेरकांची लय काही दिवसांतच बिघडते, असे प्रयोगशाळेत दिसलेले आहे. ही रेषा प्रत्येकीच्या बाबतीत तंतोतंत त्याच ठिकाणी नसते, पण अंदाज घ्यायला उपयोगी पडते. तुम्ही लिहिलेला दिवसभराचा आहार मी मांडून पाहिला, तर तो फार तर १५०० कॅलरींचा होतो. पहाटेच्या सव्वा-दीड तासाच्या घाटात ६०० कॅलरी जातात असे धरले, तर उरतात ९००, म्हणजे भागाकार जेमतेम २० येतो. रविवारी चार तास सायकल चालवून रात्री पुन्हा काकडी आणि वाटीभर वरण खाल्ले असेल, तर तो दहाच्याही खाली गेला असणार. पुरेसे खायचे तर तुम्हाला साध्या सरावाच्या दिवशीही अडीच हजारांहून थोड्या जास्त कॅलरी लागतात. म्हणजे तुम्ही रोज सुमारे हजार कॅलरींची उधारी करत आला आहात आणि शरीराने ती वसूल करायला सुरुवात केली आहे.

आता त्या मशीनकडे वळू. जिममधील मशीन चरबी प्रत्यक्ष मोजत नाही. ते पायांतून किंवा हातांतून क्षीण वीजप्रवाह सोडते, त्याला होणाऱ्या अडथळ्यावरून शरीरातील पाण्याचा अंदाज बांधते आणि त्यावर एक सूत्र लावून चरबी काढते. त्यामुळे घाम गाळून आल्यावर, भरपूर पाणी प्यायल्यावर किंवा पाळीपूर्वी अंगात पाणी साठले असताना आकडा बदलतो, आणि खऱ्या चरबीपेक्षा तीन-चार टक्क्यांनी चुकणे त्याला सहज शक्य असते. तुमचे २६ चे २३ झाले, हा सारा फरक या चुकीच्या मर्यादेत मावू शकतो. तरीही क्षणभर मशीन खरे मानू. ६१ किलोचे २६ टक्के म्हणजे सुमारे १६ किलो चरबी आणि ५७ किलोचे २३ टक्के म्हणजे सुमारे १३ किलो. गेलेल्या चार किलोंपैकी चरबी तीनच्या आत आहे, उरलेला किलोभराहून अधिक भाग स्नायूंचा, त्यांत साठवलेल्या ग्लायकोजेनचा (म्हणजे कर्बोदकांच्या साठ्याचा) आणि पाण्याचा आहे. ज्या मांड्यांनी घाट चढायचा, त्यांचाच ऐवज तुम्ही काही प्रमाणात खर्च केलात, आणि हे त्या मशीनच्याच हिशेबाने दिसते.

दादांच्या म्हणण्यात तथ्य अजिबात नाही, असे मी म्हणणार नाही. चढावर शक्ती आणि वजन यांचे गुणोत्तर महत्त्वाचे असते, हे पदार्थविज्ञान आहे. पण त्याचा भाव किती, हेही पाहायला हवे. वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला जाताना सुमारे बारा किलोमीटरमध्ये सहाशे मीटरच्या आसपास उंची चढावी लागते. तुम्ही, सायकल, पाण्याच्या बाटल्या आणि पिशवी मिळून ७० किलो आणि वेळ ५५ मिनिटे धरू. स्नायूंना धक्का न लावता निव्वळ चरबी उतरवून १८ टक्के गाठायचे, तर आणखी साडेतीन किलोच्या जवळपास वजन कमी व्हायला हवे, आणि तेवढ्याने, शक्ती तीच राहिली तर, घाटात अडीच मिनिटांच्या आसपास वाचतील. मात्र उपासमारीमुळे शक्ती पाच टक्के जरी घटली, तरी ही सारी कमाई पुसली जाते. तुमचे पाय जड पडतात, याचा अर्थ ती घट सुरूही झाली आहे. शिवाय २०० किलोमीटरच्या बीआरएमला साडेतेरा तास आणि ६०० ला चाळीस तास मिळतात. एवढ्या वेळात पाचगणीवर वाचवलेली अडीच मिनिटे पुढच्या एका चहाच्या टपरीवर निघून जातात. सांगली-मिरजेकडच्या सपाट रस्त्यावर तर वजनाला आणखी कमी किंमत आहे, तिथे झुंज वाऱ्याशी असते आणि त्यासाठी एकूण शक्ती लागते.

लांब पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये चरबी कमी असण्याने दम वाढत नाही, हेही समजून घ्या. एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी असतात, म्हणजे अगदी सडपातळ स्त्रीकडेही कित्येक दिवस पुरेल एवढे हे इंधन असते, आणि त्याच सापेक्ष जोराच्या व्यायामात स्त्रियांचे शरीर पुरुषांपेक्षा चरबीचा वापर अधिक प्रमाणात करते. तुटवडा पडतो तो कर्बोदकांचा. स्नायू आणि यकृतातील साठा साधारण दीड ते दोन हजार कॅलरींचा असतो आणि तो संपला की चढावर पाय उचलत नाही. लांब अंतरांत स्त्रिया काय करू शकतात, हेही पाहा. १९६७ मध्ये इंग्लंडच्या सायकलपटू बेरिल बर्टन यांनी बारा तासांत सुमारे ४४६ किलोमीटर अंतर कापले, ते त्याच दिवशी पुरुषांचा नवा विक्रम करणाऱ्या सायकलपटूपेक्षा जास्त होते. २०१९ मध्ये जर्मनीची फिओना कोल्बिंगर युरोप पार करणाऱ्या सुमारे ४००० किलोमीटरच्या शर्यतीत स्त्री-पुरुष सर्वांमध्ये पहिली आली. अशा अंतरांवर खाणे पचवण्याची क्षमता, झोपेचे नियोजन, बसण्याची सोय आणि न थांबता चालत राहण्याची सवय या गोष्टी निकाल ठरवतात.

अव्वल शर्यतींत बारीक शरीराचा दबाव आहे, हे खरे आहे. पण २०२५ साली महिलांची टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या पोलीन फेरान-प्रेव्हो हिनेही जाहीरपणे सांगितले, की तिने त्या डोंगराळ शर्यतीसाठी संघाच्या देखरेखीखाली वजन उतरवले होते आणि ते दीर्घकाळ टिकवणे पूर्णपणे आरोग्यदायी नाही. जिच्यामागे आहारतज्ज्ञ आणि डॉक्टर होते ती हे म्हणते. नोकरी, घर आणि पहाटेचा सराव सांभाळणाऱ्या तुमच्यासारखीने तेच उद्दिष्ट एका मशीनच्या भरवशावर वर्षभर का बाळगावे?

आता जनुकांचा प्रश्न, ज्याने तुम्ही सर्वांत अधिक खचलेल्या दिसता. जुळ्यांच्या अभ्यासांतून असे दिसते, की माणसामाणसांतील शरीरभाराच्या फरकांपैकी साधारण ४० ते ७० टक्के भाग अनुवंशाशी जोडता येतो. पण हे विधान समूहातील फरकांविषयी आहे. तुमच्या अंगावरील चरबीपैकी इतके टक्के आईकडून आले, असा त्याचा अर्थ होत नाही. २००७ मध्ये वजनाशी निगडित ठरलेले एफटीओ हे सर्वांत चर्चेतले जनुक घ्या. त्याची वजन वाढवणारी प्रत आई आणि वडील या दोघांकडूनही मिळालेल्या व्यक्तींचे वजन, ती एकाकडूनही न मिळालेल्यांपेक्षा सरासरी तीन किलोच्या आसपास जास्त आढळले. २०११ मध्ये दोन लाखांहून अधिक प्रौढांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा शारीरिक हालचाल करणाऱ्यांत हा परिणाम चतुर्थांशाहून अधिक कमी दिसला. तुम्हाला मिळालेला 'प्रवृत्ती अधिक' हा शेरा अशाच लहानलहान सरासरी फरकांच्या बेरजेवर काढलेला असतो. २०१५ मध्ये क्रीडावैद्यकातील तज्ज्ञांच्या गटाने स्पष्ट केले, की अशा थेट ग्राहकांना विकल्या जाणाऱ्या चाचण्यांना खेळातील गुणवत्ता ओळखण्यात किंवा सराव ठरवण्यात स्थान नाही. तो अहवाल बाजूला ठेवा. तुमच्या ३०० किलोमीटरने तुमच्या शरीराविषयी त्याहून पुष्कळ अधिक सांगितले आहे.

आपल्याकडची एक गोष्ट मात्र अवश्य जाणून घ्यावी. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजनाचे माप) सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी होती ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. सारख्याच वजनाला भारतीय शरीरात चरबीचे प्रमाण अधिक आढळते. पुण्याजवळच्या खेड्यांतील मातांच्या आणि बालकांच्या अभ्यासांतून असेही दिसले, की हे वैशिष्ट्य जन्मतःच असते आणि त्यात अनुवंशाबरोबर गरोदरपणातील पोषणाचाही वाटा असतो. परदेशी सायकलपटूंसाठी सांगितलेला १५ ते २० टक्क्यांचा पट्टा साताऱ्यातील २८ वर्षांच्या स्त्रीला जसाच्या तसा लावणे म्हणूनच मला पटत नाही. स्त्रीच्या शरीरात १० ते १३ टक्के चरबी तर केवळ जगण्यासाठी आणि प्रजननासाठी आवश्यक मानली जाते. पुरुषांत हाच आकडा २ ते ५ टक्के असतो, त्यामुळे दादांनी स्वतःच्या अनुभवावरून काढलेला अंदाज तुमच्या बाबतीत चुकणारच.

कंबरेखाली रुंद असणे ही ठेवण बऱ्याच अंशी घराण्यातून येते. मांड्या आणि नितंबांवरील चरबी पोटातील चरबीपेक्षा हृदयाच्या आणि मधुमेहाच्या दृष्टीने कमी धोक्याची, किंबहुना काहीशी संरक्षक आढळली आहे. ठरावीक जागेची चरबी ठरावीक व्यायामाने उतरवता येत नाही. जनुकांचा खेळातील वाटाही दोन्ही बाजूंनी पाहा. अमेरिका आणि कॅनडात झालेल्या हेरिटेज कुटुंब अभ्यासात अनेक कुटुंबांना वीस आठवडे सारखाच सराव दिला, तेव्हा ऑक्सिजन वापरण्याची क्षमता काहींची जवळजवळ वाढली नाही आणि काहींची खूप वाढली, आणि हा प्रतिसाद कुटुंबागणिक मिळताजुळता होता. ज्या आई-आजीकडून तुम्हाला ठेवण मिळाली, त्यांच्याकडूनच तुमचा हा दमही आला असण्याची शक्यता आहे. माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत धावली, तेव्हा या जिल्ह्यातील मुलींच्या दमाविषयीची शंका कायमची मिटायला हवी होती.

मग करायचे काय? येत्या आठवड्यातच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा आणि पाळी, वजनातील घट, रोजचा सराव आणि आहार हे सर्व एकत्र सांगा, कारण पाळीचे एकटेच सांगितले तर केवळ पाळी आणण्याच्या गोळ्या हाती पडण्याचा संभव असतो. गोळ्यांनी होणारा रक्तस्राव म्हणजे शरीर सावरले असे नव्हे, त्याने मूळ तुटवडा झाकला जातो. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा), ब १२ आणि ड जीवनसत्त्व या तपासण्यांविषयी त्यांना विचारा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला, आणि लोह कमी असलेल्या सायकलपटूला चार किलो उतरवून जे मिळणार नाही ते लोह भरून आल्यावर मिळते. हाडांचीही काळजी घ्या. सायकलिंगमध्ये हाडांवर शरीराचा भार पडत नाही, त्यात इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटले की ती दुहेरी मार खातात. आठवड्यातून दोनदा वजने उचलून बैठका आणि दोरीवरच्या उड्या हा सराव पाळी परतल्यावरही सोडू नका.

रात्रीची भाकरी आजपासून परत ताटात येऊ द्या, एक नव्हे, भूक असेल तर दोन, सोबत उसळ किंवा पिठले, दही आणि शेंगदाण्याची चटणी. पहाटे निघण्यापूर्वी केळे किंवा गुळाबरोबर पोळी खा आणि परतल्यावर तासाभरात अंडी, दूध किंवा पनीर यांपैकी काही घेऊन पूर्ण न्याहारी करा. दिवसभरात शरीराच्या प्रत्येक किलोमागे दीड ग्रॅमच्या आसपास प्रथिने व्हायला हवीत. दोन तासांहून लांबच्या फेरीत दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जाऊ द्या. एका केळ्यात साधारण २५ ग्रॅम आणि मूठभर म्हणजे ४० ग्रॅम तासगावच्या बेदाण्यांत सुमारे ३० ग्रॅम मिळतात, आणि जर्सीच्या मागच्या खिशात हे दोन्ही मावते. पहिल्या महिन्यात वजन एक-दोन किलोने वाढेल. त्यातला बराच भाग परत भरलेल्या ग्लायकोजेनचा आणि पाण्याचा असेल, म्हणून त्या वेळी काट्यावर चढूच नका.

सोमवारी ग्रुपवर चरबीचा आकडा टाकण्याची प्रथा मला मुळीच मान्य नाही. दादांशी भांडण करण्याची गरज नाही. 'डॉक्टरांनी तीन महिने मोजमाप थांबवायला सांगितले आहे, मी घाटातली वेळ आणि झोप नोंदवीन' एवढे सांगितले तरी पुरे, आणि तुम्ही थांबलात तर ग्रुपमधील इतर दोघी-तिघीही थांबतील, असा माझा अंदाज आहे. ज्या पालकांच्या मुली शालेय वयात सायकलिंगच्या स्पर्धा खेळतात, त्यांना मी याहून कडकपणे सांगेन : वाढत्या वयातील मुलीची चरबी कोणालाही मोजू देऊ नका. ज्या वाचकांचे वजन डॉक्टरांच्या मते खरोखर जास्त आहे आणि पाळी नियमित आहे, त्यांनी वजन उतरवायला हरकत नाही, पण रोजची तूट दोन-तीनशे कॅलरींहून अधिक ठेवू नये आणि तीही मोठ्या सरावाच्या दिवसांत नको.

६०० चा विचार सोडू नका, पण वेळापत्रक बदला. पुढचे सहा ते आठ आठवडे सराव निम्म्यावर आणा, घाट आठवड्यातून एकदाच, आणि बाकीच्या फेऱ्या सपाट रस्त्यावर गप्पा मारता येतील इतक्या सावकाश करा. लागोपाठ दोन-तीनदा पाळी वेळेवर आली आणि डॉक्टरांनी संमती दिली, की ४०० ची नोंदणी करा. पाळी परतायला कधी कधी अनेक महिने लागतात. तसे झाले आणि हा मोसम हातचा गेला, तर पुढच्या मोसमात २०० पासून मालिका पुन्हा सुरू होईल, आणि त्यातली पहिली दोन अंतरे तुमच्या चांगल्या ओळखीची आहेत.